उजवीकडे बोट, डावीकडे बोट

जपानी सौंदर्य पाहायचंय म्हटलं की पुणेकर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान दाखवतात. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, आणि ती मूळ बाग पूर्ण झाली 1700 साली. छानच आहे. पण आम्हा चिंचवडकरांना जपान भेटला तो फर्स्ट शिफ्टला, शॉपच्या फरशीवर मारलेल्या पिवळ्या पट्ट्यांत.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथे भिंतीवर एक शॅडो बोर्ड होता. पाना, पकड, हातोडी, ज्याची त्याची आकृती काळ्या रंगात काढलेली आणि तिच्यावर ते हत्यार टांगलेलं. पाना उचलला की मागे त्याची सावली उरायची. शिफ्ट सुटताना सगळ्यांची नजर आधी त्या उघड्या सावलीवर. ‘हे तर आमची आजी करायची’ असं म्हणायचा मोह मलाही होतो. पण आजीच्या मांडणीवरचा डबा हलला तर ते आजीलाच कळायचं. इथे कालच लागलेल्या ट्रेनी पोरालाही कळतं. नसलेली वस्तू इतकी ठळक दिसावी, याला मी सौंदर्यच म्हणेन. मधल्या मोकळ्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. चित्रात, संगीतात ती मुद्दाम राखतात.

सगळंच काही असं सुंदर नव्हतं. महिन्याला इतके कायझेन, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा, द्यायचेच, असा फतवा निघाला, तेव्हा आम्ही झाडू अडकवायच्या खिळ्याची जागा तीनदा बदलून तीन कायझेन दाखवले होते.

जपानी शब्द मात्र अंगाला चिकटले. लग्नात कुणी भरलं ताट टाकून उठलं की आमच्या लाइनवरचा एक जण ‘मुदा, मुदा’ पुटपुटायचा. मुदा म्हणजे वाया घालवणं. माझा लाडका शब्द ‘पोकायोके’. भाग उलटा बसवायला गेलं तर तो बसूच नये म्हणून ठेवलेली खुंटी, ती पोकायोके. जपानी अभियंते शिगेओ शिंगो आधी याला ‘बाकायोके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. 1960च्या दशकात एका कारखान्यातली कामगार बाई त्या शब्दाने दुखावली, रडली. मग शिंगोंनी ‘पोका’ घेतला, म्हणजे अनवधानाने होणारी चूक. आमचे सुपरवायझर चूक दाखवताना जे शब्द वापरत, ते इथे छापता यायचे नाहीत.

शॉपमधला गँगवे, म्हणजे ये-जा करायची वाट, ओलांडायचीही रीत होती. थांबायचं, उजवीकडे बोट, डावीकडे बोट, समोर बोट, मगच पाऊल. जपानी रेल्वेतले लोक सिग्नल असाच बोटाने दाखवून, मोठ्याने म्हणून खात्री करतात. पहिल्या आठवड्यात आम्हाला हसू आवरत नसे.

परवा संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसमधून एक पोरगा उतरला. कंटेनर, डंपर, टमटम, सगळ्यांचे हॉर्न एकदम. तो कडेला थांबला. उजवीकडे बोट केलं, डावीकडे केलं.

‘‘काय मोजतोय रे?’’ टमटमवाला ओरडला.

पोराने शांतपणे समोर बोट केलं आणि निघाला.