आरसी कुणाच्या नावावर?

जानेवारी २०१८ मध्ये जेद्दाच्या एका मॉलमध्ये खास स्त्रियांसाठी गाड्यांचं शोरूम उघडलं. विकणाऱ्याही स्त्रियाच. गाडी चालवायची मुभा मात्र २४ जूनपासून. त्याआधीही तिथल्या बायका गाड्या घेत. चालवायला ड्रायव्हर लागे.

आपल्याकडे चालवायला बंदी कधीच नव्हती. तरी परवा शोरूममध्ये मायलेज, विमा, हप्ते मी विचारत होते आणि सेल्समन उत्तरं देत होता यांना! कर्ज माझ्या पगारावर. बाईची कमाई आणि मेहेर तिच्याच मालकीचे, हे आपण वाज़मध्ये दरवेळी ऐकतो. पण कागदावर नाव घालायची वेळ आली की घरात शांतता पसरते.

इतक्यात ‘अस्सलामु अलैकुम, टीचर’ म्हणत एक हिजाबवाली मुलगी आली. माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं गाडी बाहेर काढली, अरुंद गल्लीतून सफाईनं रिव्हर्स घेऊन दाखवली. मग फॉर्म पुढ्यात ठेवून मलाच विचारलं, ‘‘आरसी कुणाच्या नावावर?’’

निघताना हळूच म्हणाली, ‘‘टीचर, घरी फक्त कॉम्प्युटरचं काम सांगितलंय. टेस्ट ड्राइव्हचं अब्बांना माहीत नाही.’’

तिची अम्मी रविवारी आमच्याकडे येणार आहे. मी आपणहून विषय काढणार नाही. विचारलं, तर खोटंही बोलणार नाही.