विद्रूप चेहऱ्यामागचे मन

भीतीच्या गोष्टी ऐकण्याची हौस लहानांप्रमाणे मोठ्यांनाही असते. दिवा मंद करून कोणी भुताची गोष्ट सांगू लागला, की ऐकणारे एकमेकांना खेटून बसतात. पण उठून मात्र कोणी जात नाही. अशा गोष्टींनी मुले भित्री होतात, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. जी गोष्ट केवळ दचकवते, तिच्यापुरता तो खराही आहे. परंतु उत्तम भयकथा आधी भिववते आणि मग ज्याचे भय वाटले, त्याच्याविषयीच मनात करुणा उत्पन्न करते. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी अशीच आहे.

१८१६ सालच्या उन्हाळ्यात अठरा वर्षांची मेरी जिनिव्हा सरोवराकाठी राहत होती. पावसामुळे बाहेर पडता येईना, तेव्हा प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे कवी बायरन याने सुचवले. त्यातून ही कादंबरी जन्मली व १८१८ साली प्रसिद्ध झाली. मेरीची आई तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती. पोरकेपणाचे दुःख तिच्या परिचयाचे होते.

कादंबरीतील व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा विद्यार्थी मृत देहांचे अवयव जोडून एक प्रचंड जीव निर्माण करतो आणि त्याचे रूप पाहताच भिऊन पळून जातो. तो त्याला नावदेखील ठेवत नाही. तो निराधार जीव एका गरीब कुटुंबाच्या घरालगतच्या खोपटात लपून राहतो. त्यांचे बोलणे ऐकून तो भाषा शिकतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडे आणून ठेवतो. घरातील आंधळा वृद्ध त्याच्याशी मायेने बोलतो. पण डोळस माणसे येताच त्याला मारून हाकलतात. पुढे तो एका बुडत्या मुलीला वाचवतो, तेव्हाही त्याच्या वाट्याला बंदुकीची गोळी येते. मग मात्र त्याचे मन सूडाने पेटते आणि व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा तो जीव घेतो.

जेम्स व्हेल याने १९३१ साली या कथेवर चित्रपट काढला. त्यात बोरिस कार्लॉफ या नटाने त्या जीवाचे काम एकही शब्द न बोलता केले. एक छोटी मुलगी त्याला न भिता तळ्याकाठी फुले देते. दोघे ती पाण्यात टाकतात व ती तरंगतात. फुले संपतात, तेव्हा मुलगीही तरंगेल असे समजून तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडताच तो भांबावून पळत सुटतो. पाहणाऱ्याला मुलीसाठी हळहळ वाटते, आणि त्या अजाण जीवाचीही कणव येते.

करुणा वाटली म्हणून अपराध क्षम्य ठरत नाही. गेलेले बालक परत येत नाही आणि कथाही तसा बहाणा करत नाही. पण या क्रौर्याचा आरंभ कोठे झाला, हे ती विचारायला लावते. त्या आंधळ्या वृद्धाइतकी माया इतरांनी दाखवली असती, तर कदाचित पुढचा अनर्थ टळला असता.

वर्गात आलेला अडखळत बोलणारा मुलगा किंवा चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण असलेली बाई दिसली, की पाहणारा नकळत मागे सरतो. त्या वेळी ज्याला ही कथा आठवेल, तो निदान थांबून दोन शब्द बोलेल. भयकथेकडून याहून मोठा लाभ कोणता हवा?