दत्तक मुलापासून सत्य लपवू नका

अब्बांचा चाळिसावा होतो, घराच्या कागदांचा विषय निघतो आणि चाचा बोलून जातात, ‘तू तर त्यांच्या रक्ताचा नाहीस.’ तीस वर्षं सगळ्या मोहल्ल्याला माहीत असलेली गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक नसते. बाप गेला, घर गेलं आणि आपण कुणाचे, हा भरवसाही गेला.

या लपवाछपवीला आपण माया म्हणतो. हा निव्वळ भित्रेपणा आहे.

आपल्या व्यक्तिगत कायद्यात असं घरगुती दत्तक घेतलेलं मूल वारस ठरत नाही. म्हणून आई-वडिलांनी हयातीतच सोय करायला हवी. हिबा करता येतो, एक तृतीयांश मालमत्तेपर्यंत वसीयत करता येते. पण कागद केला तर गुपित फुटेल, म्हणून तो होतच नाही. मुलाचं मन जपायला ठेवलेलं गुपित त्याचा हक्कच बुडवतं.

धर्माची सबब सांगू नका. दत्तक मुलांना त्यांच्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने ओळखा, असं सूरह अहजाब सांगते. पैगंबरांनी वाढवलेले जैद हे पुन्हा ‘जैद बिन हारिसा’च झाले. म्हणून त्यांच्यावरची माया आटली नाही.

बाल न्याय कायद्याखाली मुसलमानालाही कायदेशीर दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मूल लहान असतानाच त्याला सांगा. आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.