बघ्यांनी घडवलेला डोंगर

सोळावं शतक सरत आलं तेव्हा इंग्रज चित्रकारांनी डचांकडून एक शब्द उचलला. डच भाषेत तो मुळात जमिनीच्या टापूला म्हणत. इंग्रजीत मात्र 'लँडस्केप' आला तो चित्राचा एक प्रकार म्हणून. समोरच्या खऱ्याखुऱ्या रानाला लँडस्केप म्हणायची रीत मागाहून पडली. 'सीनरी'चा जन्म रंगमंचावरचा; आधी रंगवलेले पडदे, मग डोंगर. 'पिक्चरेस्क'चं माहेर इटालियन चित्रकला. इंग्रजीत निसर्गाची शोभा सांगणारे हे ठळक शब्द असे सगळे प्रेक्षकाच्या जागेवरून आलेले आहेत.

त्या जमिनीवर राबणाऱ्यांचे शब्द निराळेच होते. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हजारएक वर्षांपूर्वी नॉर्स लोक येऊन वसले. त्यांच्या बोलीतून आलेले शब्द तिथे आजही रोजच्या वापरात आहेत: 'फेल' म्हणजे चराईचा उंच डोंगर, 'बेक' म्हणजे ओढा, 'टार्न' म्हणजे डोंगरातलं लहान तळं. कुंपण नसतानाही जो कळप पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच टापूत चरतो, कोकरू आईमागे हिंडून ती हद्द शिकतं, त्याला मेंढपाळ 'हेफ्टेड' म्हणतात. यातला एकही शब्द डोंगर सुंदर आहे की नाही हे सांगत नाही. तिथे काय करायचं, एवढंच सांगतो.

1720च्या दशकात डॅनियल डिफो या भागाकडे गेला तेव्हा त्याला तो उजाड आणि भयाण वाटला. पुढच्या पन्नास वर्षांत तेच डोंगर रम्य झाले. डोंगर होते तिथेच होते. 1757 मध्ये एडमंड बर्कनं भव्यतेतल्या भीतीलाही आस्वादाचा दर्जा दिला, आणि 1782 मध्ये विल्यम गिल्पिन या पाद्र्यानं वाय नदीच्या प्रवासाचं पुस्तक काढून निसर्ग चित्रासारखा कसा पाहावा याचे धडे घालून दिले. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंती त्याला फार सरळसोट वाटल्या. बेतानं हातोडा चालवला तर त्या नजरेला बऱ्या दिसतील, असं त्यानं खुशाल लिहून ठेवलं. हौशी प्रवासी काळसर छटेचा फुगीर आरसा बाळगत आणि देखाव्याकडे पाठ करून तो आरशात न्याहाळत. कवी टॉमस ग्रे 1769च्या सहलीत असाच उघडा आरसा हातात धरून चिखलाच्या वाटेत उताणा पडला. निभावलं बोटांच्या पेरांवर. जेन ऑस्टिननं तर 'नॉर्दँगर ॲबी'त या सगळ्या खुळाची टोपी उडवली आहे: नायिका देखाव्यांचा एकच पाठ घेते आणि अख्खं बाथ शहर चित्राच्या लायकीचं नाही म्हणून मोडीत काढते.

हसून सोडून द्यावं असं मात्र यात सगळंच नाही. गिल्पिनचं एक मत विसरता येत नाही. नीतीच्या दृष्टीनं कष्टाळू कारागीर चांगला खरा, पण चित्राच्या दृष्टीनं रिकामटेकडा गावकरीच शोभतो, असं तो म्हणतो. म्हणजे चौकटीत माणूस चालेल, त्याचं काम नको. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं 5200हून अधिक कायदे करून गावोगावची सामाईक जमीन कुंपणात घातली. त्यांचा मोठा लोंढा आला तो नेमका या सौंदर्यपर्यटनाच्या भराच्या दिवसांत. देखाव्यांच्या पुस्तकांना तो फारसा दिसला नाही. दिसला तो नॉर्दॅम्प्टनशरच्या शेतमजूर कवीला, जॉन क्लेअरला. त्याच्या कवितांतली ठेठ बोली छापण्याआधी प्रकाशकानं बरीच घासूनपुसून घेतली.

तरीही प्रेक्षकांच्या या भाषेनं एक मोठं काम केलं, हे मान्य करायला हवं. 1879 मध्ये मँचेस्टरला पाणी देण्यासाठी थर्लमियर तलावावर धरण बांधायचा कायदा झाला. विरोध करणारे हरले, पण विखुरले नाहीत. त्याच परंपरेतून 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट उभा राहिला. त्याच्या अधिकृत नावात 'नैसर्गिक सौंदर्य' आहे; 1949च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यातही हेच दोन शब्द मध्यवर्ती ठरले. चित्रकारांच्या गप्पांतली कल्पना खाणमालकाला आणि बिल्डरला अडवण्याइतकी बळकट झाली. 'फेल' आणि 'बेक' या शब्दांना ते कधी साधलं नसतं.

खोट आहे ती 'नैसर्गिक' या विशेषणात. ते हिरवेगार उघडे डोंगर निसर्गानं तसे ठेवलेले नाहीत. तिथली झाडं माणसानं तोडली, आणि पुन्हा रान उगवू दिलं नाही ते मेंढ्यांनी. कायदा ज्या सौंदर्याचं रक्षण करत होता ते मेंढपाळाच्या हातचं होतं. 2017 मध्ये युनेस्कोनं लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा ठरवलं ते 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून, आणि तिथल्या मेंढपाळीची दखल घेऊन. त्यावर जॉर्ज मॉनबियोसारखे पर्यावरण-लेखक भडकले: मेंढ्यांनी बोडका केलेला डोंगर वारसा कसला? मॉनबियोंचा मुद्दा सहज झटकण्यासारखा नाही, पण निदान भांडण आता खऱ्या प्रश्नावर आलं आहे.

ही नजर जहाजातून इकडेही उतरली. महाबळेश्वरला एल्फिन्स्टन पॉइंट, माथेरानला लुईझा पॉइंट. पॉइंट म्हणजे उभं राहून बघायची जागा. आपण ती नावं तशीच ठेवली. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला तो 'नैसर्गिक' या सदरात. सह्याद्रीत गुरं चारणाऱ्या धनगर-गवळ्यांना त्या सदरात जागा कुठे, हे भांडण आपल्याकडे अजून नीट सुरूही झालेलं नाही.