बॅटरी मेली नाही, मारली!

मंडळी, माझ्या मामेभावाचं मुळशीकडे छोटंसं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथे एक एटीव्ही आहे. म्हणजे ती चार जाड चाकांची, चिखलातून डुगडुगत जाणारी गाडी, जिच्यावर दहा मिनिटं बसून आपल्यासारखे हिंजवडीवाले स्वतःला मावळे समजायला लागतात. पावसाळ्यात भातलावणी असते, ट्रॅकचाही राडा होतो. म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये जाते, ती थेट दसऱ्याला पूजेसाठी बाहेर निघते.

दसऱ्याचं नाटकही ठरलेलं. झेंडूचा हार घालायचा, स्टार्टर दाबायचा, गाडी 'टक' असा एकच आवाज करून गप्प. मग दादाचा फोन: "बॅटरी गेली रे. येताना पुण्यातून एक घेऊन ये." साडेतीन हजार रुपये. असं ओळीनं तीन वर्षं. दुकानदाराचं उत्तर पाठ होतं, "साहेब, पावसाळ्यात बॅटऱ्या मरतातच."

माझं म्हणणं असं की हे साफ खोटं आहे. पावसाळा बॅटरी मारत नाही, आपण मारतो. आणि नवी कुठली घ्यायची हा प्रश्न जुनी का मेली हे शोधल्याशिवाय विचारणं म्हणजे मेमरी लीक तसाच ठेवून सर्व्हरला जास्त रॅम लावणं. ऑफिसात कुणी असं केलं तर आपण त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतो. घरी मात्र स्वतः तेच करतो!

गेल्या वर्षी तिसरी बॅटरी बसवली तेव्हा मल्टिमीटर घेऊनच गेलो. किल्ली बंद, निगेटिव्ह वायर काढली, वायर आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावला. (असं करताना मीटर आधी १० अँपियरच्या रेंजवर ठेवा आणि चुकूनही स्टार्टर दाबू नका.) गाडी बंद असताना ९ मिलीअँपियर चालले होते. चोरीच्या भीतीनं दादानं लावलेला जीपीएस ट्रॅकर!

९ मिलीअँपियर म्हणजे किस झाड की पत्ती, नाही का? आता गणित करा. २४ तासांत ०.२१६ अँपियर-अवर. बॅटरी १२ अँपियर-अवरची. म्हणजे ५५ दिवसांत ठणठणाट. जूनमध्ये पूर्ण भरलेली बॅटरी नागपंचमीच्या आसपास रिकामी, आणि पुढे दसऱ्यापर्यंत तशीच पडून. उलट बाजूनं बघा. १०० अँपियरनं ३ सेकंद स्टार्टर मारला तरी खर्च होतात फक्त ०.०८ अँपियर-अवर. म्हणजे नुसतं एक दिवस उभं राहणं या गाडीला अडीच स्टार्टइतकं महाग पडतं. वापरून नव्हे, न वापरून बॅटरी मरते.

मरते म्हणजे काय होतं? डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ताजं असताना ते चार्जिंगनं परत जातं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात, आणि मग चार्जर काही करू शकत नाही. गास्तों प्लांतेनं १८५९ साली ही बॅटरी बनवली तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे. 'मेंटेनन्स फ्री'चं स्टिकर चिकटवून तो बदलत नाही. त्या शब्दांचा अर्थ फक्त 'पाणी घालावं लागत नाही' एवढाच.

बरं, घ्यायचीच असेल तर? माप आणि टर्मिनलची बाजू आधी बघा. 'वायटीएक्स१४-बीएस' आणि 'वायटीएक्स१४एल-बीएस' यांत एका 'एल'चा फरक, पण प्लस-मायनस उलटे! उत्पादनाची तारीख बघा. दुकानात वर्षभर पडलेली बॅटरी म्हणजे तोच शेडचा पावसाळा. सीसीएचा मोठा आकडा बघून भुलू नका. तो उणे १८ अंशांना ३० सेकंद किती करंट मिळेल ते सांगतो. मिनेसोटात राहणाऱ्या मित्राला त्याचा उपयोग, मुळशीत नाही. आपल्याकडचा शत्रू उष्णता. लिथियम हलकी असते, पण ज्याला साधी बॅटरी सांभाळता येत नाही त्यानं महागडी मारण्यात काय पुरुषार्थ? आणि दुकानदारानं समोर ॲसिड भरून लगेच हातात दिली, तर घरी आणून आधी सावकाश पूर्ण चार्ज करा.

सांभाळणं एवढंच: गाडी उभी ठेवताना निगेटिव्ह वायर काढा. महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. काही तास तशीच ठेवलेली भरलेली बॅटरी १२.७ च्या पुढे दाखवते. १२.४ वर आली की चार्ज करा, क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे इथे १.२ अँपियरनं.

दादा म्हणाला, "अरे, एवढं कोण करत बसणार? साडेतीन हजारांत काम होतंय ना!" खरंय, त्याला गुरं आहेत, भात आहे, पाहुणे आहेत. पण वायर काढायला एक पाना आणि एक मिनिट लागतो. आणि हिशेब साडेतीन हजारांवर संपत नाही. त्याच्या तिन्ही जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याकडे गेल्या. तिथून त्या कुठे फुटल्या, ॲसिड कुठल्या ओढ्यात गेलं, शिसं कुणाच्या अंगणात वितळलं, आम्हा दोघांनाही माहीत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसं आहे, आणि अशा उघड्यावरच्या बॅटरी-भट्ट्या हे त्याचं एक मोठं कारण. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण ती त्यांच्या हातात देण्याची आपली, कारण भंगारवाला दोनशे रुपये जास्त देतो म्हणून आपणच तिकडे वळतो.

असो. यंदा दादानं कुरकुरत का होईना, वायर काढली, दर महिन्याला रात्रभर चार्जर लावला. परवा दसऱ्याला हार घातला, स्टार्टर दाबला, पहिल्या फटक्यात चालू! दादा म्हणाला, "बॅटरी चांगली निघाली बघ या वेळी."

मी काही बोललो नाही. पण तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वर्क फ्रॉम होमच्या कृपेनं धूळ खात उभी असलेली बुलेट आहे ना? आज शनिवार आहे. खाली जाऊन तिचं व्होल्टेज तेवढं बघून या.