मृताचे खाते, वारसांचे हेलपाटे

घरातले माणूस गेले म्हणजे मागे राहणाऱ्यांवर जी कर्तव्ये येऊन पडतात, त्यांत अलीकडे एका नव्या कर्तव्याची भर पडली आहे. ते म्हणजे मृताचे बँकेतील खाते बंद करणे. उत्तरक्रिया तेरा दिवसांत आटोपते. खाते तेरा महिन्यांत बंद होईलच असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. तोवर कधी किमान शिल्लक नाही म्हणून, कधी कार्डाचे वार्षिक शुल्क म्हणून, तर कधी भ्रमणध्वनीवर संदेश पाठविल्याचा आकार म्हणून त्या खात्यातून रकमा वजा होतच राहतात. संदेश वाचावयास जो उरलेला नाही, त्याच्याच पुंजीतून त्या संदेशाची किंमत वसूल करावयाची, याला व्यवहार म्हणावे की मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

मुंबईकरास हा प्रकार मनस्तापाचा वाटतो. बोरघाटाच्या पायथ्याशी पसरलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत तो पोटाला चिमटा घेणारा ठरतो. कर्जतहून किंवा खोपोलीहून पहाटेची लोकल गाठून मुंबईत चाकरी करणाऱ्या मुलास वडिलांच्या खात्यापायी रजा टाकावी लागते, कारण गावची शाखा उघडते तेव्हा तो कचेरीत असतो आणि तो परततो तेव्हा शाखेला कुलूप असते. खांडसकडच्या ठाकूरवाडीतील किंवा एखाद्या कातकरी वस्तीवरील विधवेची तर एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर एस.टी.चे भाडे. ‘साहेब रजेवर आहेत’, ‘वरून मंजुरी यावयाची आहे’, ‘आणखी एक कागद आणा’, या तीन उत्तरांत तिचे तीन दिवस बुडतात. खात्यात असतात चार-पाच हजार रुपये. चौथ्या खेपेस ती येतच नाही. पुढे दहा वर्षे कोणी विचारले नाही म्हणजे ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली उभारलेल्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग होते. तेथूनही ती बँकेमार्फत परत मागता येते खरी. परंतु जी बाई शाखेच्या खिडकीशीच हरली, ती तेथवर पोचणार कशी?

खालापूर तालुक्याने तर याहूनही कठीण प्रसंग पाहिला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाचा कडा खचून इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैस शोध थांबवावा लागला. अशा संकटातून वाचलेल्या माणसाने मृताचे पासबुक आणि ठेवीची पावती आणावी तरी कोठून? सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्यास मृत मानावे, हा पुराव्याच्या कायद्यातील जुना नियम आहे. पण लहान रकमांसाठी पोलिसांतील तक्रार, माणूस सापडत नसल्याचा त्यांचा अहवाल आणि हमीपत्र एवढ्यावर बँकांनी दावा मिटवावा, अशी वाट रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच दाखवून ठेवली आहे. ती ठाऊक असणारे आणि आपण होऊन सांगणारे किती अधिकारी शाखाशाखांत आहेत, हा खरा प्रश्न आहे.

कारण नियमांचा दुष्काळ मुळीच नाही. खात्यावर नामनिर्देशन असेल, किंवा हयात राहील त्यास रक्कम द्यावी असे ते संयुक्त खाते असेल, तर न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र वा जामीन मागू नये आणि कागद पुरे झाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने ९ जून २००५ रोजीच बजावले होते. वीस वर्षे लोटली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिला पुन्हा सविस्तर आदेश काढावे लागले. नामनिर्देशन नसले तरी, वारसांत वाद नसेल तेथे, व्यापारी बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यास न्यायालयीन प्रमाणपत्राची अट घालू नये. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास बँक दरावर आणखी ४ टक्के या हिशेबाने भरपाई द्यावी, असे त्यांत स्पष्ट आहे. अंमलबजावणीस ३१ मार्च २०२६ ही अखेरची तारीख बांधून दिली आहे. शुल्काचेही तसेच. केवळ दंडापायी खाते उणे होऊ देऊ नये, हा नियम १ एप्रिल २०१५ पासूनचा. दोन वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड आकारू नये, हा १ एप्रिल २०२४ पासूनचा.

बँकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. पैसे भलत्याच्या हाती गेले आणि खऱ्या वारसाने दावा लावला तर भुर्दंड कोणी सोसावा, ही कारकुनाची धास्ती अगदीच अनाठायी नव्हे. परंतु १९८३ साली बँकिंग नियमन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने नामनिर्देशिताच्या बाबतीत ही धास्ती दूर केली आहे. त्यास रक्कम दिली की बँक मोकळी होते. तो त्या रकमेचा मालक होत नाही, इतर वारसांचे हक्क अबाधित राहतात, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. भाऊबंदकीचा निवाडा करण्यास न्यायालये आहेत; ते काम खिडकीवरच्या कारकुनाने अंगावर घेण्याचे कारण नाही.

मग अडते कोठे? आमच्या मते अडते ते एका लहानशा चिठ्ठीपाशी. पंधरा दिवसांची मुदत सुरू होते ती सर्व कागद मिळाल्यापासून. आणि कागद मिळाल्याची तारीखवार पोच वारसाच्या हाती नसेल तर दिवस मोजावयाचे कोठून? तोंडी नकाराला ना तारीख असते, ना सही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जी जिल्हास्तरीय समिती भरते, तिने रायगडपुरते तरी हे काम हाती घ्यावे. कोणते कागद लागतात याचा मराठी तक्ता प्रत्येक शाखेत दर्शनी लावावा. जे उणे असेल ते पहिल्याच खेपेस लेखी कळवावे आणि जे दिले असेल त्याची पोच द्यावी. मृत्यूची वर्दी मिळाल्या दिवसापासून सर्व शुल्के थांबवावीत. यात कोणाच्या तिजोरीला खिंडार पडावयाचे नाही.

आमच्या वाचकांवरही थोडी जबाबदारी आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते आपण केले आहे काय, आणि गावाकडच्या आईवडिलांच्या खात्यावर ते झाले आहे काय, हे याच आठवड्यात पाहावे. बँकेने लेखी तक्रारीस तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ती जरूर मागावी. सुशिक्षितांनी आपल्यापुरती मागितलेली दादही खिडकीची सवय बदलते, आणि त्या बदलाचा लाभ वाडीवरच्या विधवेसही मिळतो. ठेवीदार मरण पावला तरी ठेव त्याच्या माणसांचीच राहते. ती परत मिळविण्यासाठी त्यांना याचना करावी लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.