खुले तळे आणि खुला कोड

१९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळ्याबाबत तसाच ठराव केला. तरीही पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा तो हक्क बजावला गेला.

ओपन सोर्सचे गोडवे ऐकताना आम्हाला हेच आठवते. "कोड सर्वांना खुला आहे, गुणवत्ता असेल त्याने यावे." परवाना खुला आहे, मान्य. पण महागडे ग्राफिक्स कार्ड कोणाच्या घरात आहे? बिनपगारी शिकायची सवड कोणाला आहे? इंग्रजीतला अर्ज तपासून देणारे कोणाच्या घरात बसले आहेत? गुणवत्तावाल्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

दुसरे भांडण आपल्याच लोकांशी. घाटकोपरला अभ्यासवर्गात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, मेंटॉरशिपसाठी ड्रायव्हरचा प्रोजेक्ट निवडू का? एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "पोरी, यानं चळवळ पुढं जात नाही." आमचे मत नेमके उलटे आहे. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला दुभाषा. तो कंपनीच्या कुलपात असला की कंपनीने हात वर करताच चालते मशीन भंगारात जाते. वस्तीतल्या अभ्यासिकेत जुनीच मशीन असतात. मग हा प्रश्न आपला नाही तर कोणाचा?

म्हणून प्रोजेक्ट निवडताना नावाच्या वलयाला भुलू नका. तीन गोष्टी तपासा.

पहिली, हार्डवेअर. नूव्होसारख्या ड्रायव्हरवर काम करायला एन्व्हिडियाचे कार्ड हाताशी लागते. लिनक्स कर्नेलमधला व्हीकेएमएस हा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर मात्र कार्डाशिवाय, क्यूईएमयूमध्ये चालतो. २०१८ साली तो मेंटॉरशिपमधल्या नवोदितांनीच उभा केला. त्याच्या उरलेल्या कामांची यादी कर्नेलच्या दस्तऐवजात आहे. ग्राफिक्स विभागाच्या यादीत तर नवशिक्यांची कामे वेगळी दाखवलेली आहेत.

दुसरी, मेंटॉर. इथे कोडची तपासणी उघड होते. गेल्या काही महिन्यांत त्याने नवख्यांना कशी उत्तरे दिली ते वाचा. आपल्याला अंगठा मागणारा गुरू नको, चूक दाखवून पुढे नेणारा सहकारी हवा.

तिसरी, आवाका. अर्जाआधी एक छोटी दुरुस्ती पाठवून पाहा. ती जमली तर तीन महिन्यांचे काम झेपेल की नाही याचा अंदाज येतो.

गूगल समर ऑफ कोड २०२२ पासून केवळ विद्यार्थ्यांपुरते राहिलेले नाही. आउटरीची तर अर्जातच विचारते की तुमच्या देशातल्या तंत्रक्षेत्रात तुमच्यासारख्यांना भेदभावाला तोंड द्यावे लागते का. तिथे जात लपवू नका. ती दयेची याचना नव्हे, वस्तुस्थितीची नोंद आहे.

आणि एकट्याने जाऊ नका. मुलुंड, अंधेरी, बोरिवली, जिथे असाल तिथे चार जण एका मशीनवर बसा. ज्याची निवड होईल त्याने पुढच्या वर्षी दोघांना तयार करावे. नाहीतर आपल्यातही एक नवा प्रस्थापित तयार होईल, दुसरे काही नाही.

ठराव कधीच झाला आहे. तळ्यापर्यंत चालणे आपल्याकडे आहे.

जय भीम!